शाळेतला कॉम्प्युटर कुलपात का? – गटाच्या बैठकीसाठी एक पाठ



आपल्या दशसूत्रीत शिक्षण हे एक सूत्र आहे, हे आपण दर बैठकीला म्हणतो. पण बैठकीत वेळ जातो तो बचत, कर्ज आणि परतफेडीत. शिक्षणाचा विषय निघतो तो बहुतेक कर्जाच्या मागणीतून. "पोराची फी भरायची आहे, गटातून पंधरा हजार पाहिजेत." फी कशाची, तर तालुक्याच्या इंग्रजी शाळेची. जिल्हा परिषदेची शाळा घराशेजारी असताना तिथंच का, असं विचारलं की उत्तर येतं, "तिथं कॉम्प्युटरवर शिकवतात."

आता आपल्याच गावच्या शाळेत जाऊन बघा. बऱ्याच गावांत लोकवर्गणीतून, ग्रामपंचायतीच्या निधीतून किंवा सरकारी योजनेतून टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब, कॉम्प्युटर आलेले आहेत. काही शाळांत ते रोज चालतात आणि मुलं त्यावर छान शिकतात. काही शाळांत मात्र त्यावर कापड टाकलेलं असतं आणि किल्ली कपाटात असते. म्हणजे एकीकडे वस्तू धूळ खात पडलेली, दुसरीकडे तिच्याच नावावर आपण कर्ज काढतोय.

म्हणून या महिन्याचा पाठ या विषयावर घेतला आहे. पाठ संपल्यावर आपल्याला तीन गोष्टी जमायला हव्यात:

१. कॉम्प्युटरनं मुलं केव्हा शिकतात आणि केव्हा नुसती बघत बसतात, हे ओळखणं.
२. शाळेत पडून असलेली वस्तू चालू करून घेण्यासाठी कुठं आणि कसं बोलायचं, हे ठरवणं.
३. "डिजिटल" या शब्दावर कोणी पैसे मागितले, तर कोणते प्रश्न विचारायचे, हे माहीत असणं.

ज्या ताईंना वाचता येत नाही, त्यांना सीआरपी ताईंनी किंवा गटाच्या सचिवांनी हा पाठ मोठ्यानं वाचून दाखवावा. एका बैठकीत पूर्ण झाला नाही तरी चालेल, दोन बैठकांत घ्या.

शाळेत काय काय असतं?

आधी वस्तूंची ओळख करून घेऊ.

स्मार्ट टीव्ही किंवा प्रोजेक्टर: यावर सगळा वर्ग एकदम चित्र किंवा व्हिडिओ बघतो. मुलांच्या हातात काही नसतं. दाखवणारे गुरुजी किंवा मॅडम असतात.

कॉम्प्युटर किंवा टॅब: यावर मूल स्वतः काम करतं. बटण दाबतं, उत्तर देतं, चुकलं तर पुन्हा करतं.

क्यूआर कोड: बालभारतीच्या पुस्तकात पानावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला असतो. फोनमध्ये 'दीक्षा' हे ॲप घेऊन त्या चौकोनासमोर फोन धरला की त्या धड्याचा व्हिडिओ किंवा सराव उघडतो. त्याला पैसे लागत नाहीत, फक्त नेट लागतं. दीक्षा हे सरकारचं ॲप आहे आणि ते २०१७ साली सुरू झालं.

पुस्तकात क्यूआर कोड छापण्याची कल्पना रुजवण्यात आपल्याच महाराष्ट्रातल्या एका गुरुजींचा मोठा वाटा आहे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडून मुलांसाठी ध्वनी, व्हिडिओ आणि गोष्टी तयार केल्या. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ हा जागतिक पुरस्कार मिळाला. बक्षीस दहा लाख डॉलरचं होतं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. जिल्हा परिषदेच्या शाळेत काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

नुसती वस्तू आली म्हणजे शिक्षण आलं का?

घरात शिलाई मशीन आणून ठेवलं म्हणून ब्लाऊज शिवून होत नाही. माप घेणारी, कापणारी, पाय चालवणारी बाई लागते. शाळेतल्या कॉम्प्युटरचंही तसंच आहे. याची तीन खरी उदाहरणं बघू. तिन्ही ठिकाणी अभ्यासकांनी मुलांच्या परीक्षा घेऊन पडताळणी केलेली आहे.

पहिलं उदाहरण, वडोदरा. साधारण २००० साली गुजरात सरकारनं वडोदऱ्याच्या महापालिकेच्या शंभरेक प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार कॉम्प्युटर दिले. पुढं पाहणी केली, तर थोड्याच शाळांत ते वापरात होते. बाकीच्या ठिकाणी नुसते पडून होते. मग 'प्रथम' या संस्थेनं तिथं काम सुरू केलं. चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ तयार केले. एका कॉम्प्युटरवर दोन मुलं, आठवड्यातून दोन तास. एक तास शाळेच्या वेळेतला, एक तास शाळेच्या आधी किंवा नंतर. सोबत वस्तीतलेच तरुण शिकवणारे होते, त्यांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलेलं. खेळ मुलाच्या कुवतीप्रमाणे सोपे-अवघड होत.

परिणाम काय झाला? ज्या शाळांत हे चाललं, तिथली मुलं गणितात बाकीच्या शाळांच्या चांगलीच पुढं गेली. भाषेत फरक पडला नाही, कारण खेळ गणिताचेच होते. आणि कार्यक्रम संपून वर्ष गेल्यावर तो फायदा बराचसा ओसरला होता. म्हणजे एक वर्ष करून सोडून द्यायचं हे काम नाही.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, ती आपण बायकांनी मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. मुंबईत आणि वडोदऱ्यात प्रथमनं 'बालसखी' नेमल्या होत्या. बालसखी म्हणजे वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली तरुण मुलगी. वर्गातली जी मुलं मागं पडलीत, त्यांना रोज दोन तास बाजूला घेऊन ती वाचन आणि गणित पक्कं करून घ्यायची. यानंही मुलं पुढं गेली, आणि सगळ्यात जास्त फायदा मागं पडलेल्या मुलांना झाला. खर्चाचा हिशेब केला, तर कॉम्प्युटरच्या मानानं बालसखीला खूपच कमी पैसे लागले. तेव्हा कॉम्प्युटर नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. आपल्या गटातल्या शिकलेल्या लेकी-सुनाही हे काम करू शकतात.

दुसरं उदाहरण, गुजरातच्याच 'ज्ञानशाला' वर्गांचं. ही संस्था स्थानिक महिलांना तयार करून त्यांच्याकडून छोटे वर्ग चालवते. शिकवणं आधीच नीट आखलेलं. तिथं कॉम्प्युटरचा प्रयोग दोन प्रकारे करून पाहिला. काही ठिकाणी बाईंच्या शिकवण्याच्या वेळेतून वेळ काढून त्या जागी मुलांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. काही ठिकाणी बाईंचं शिकवणं होतं तसंच ठेवून, वर्ग सुटल्यावर जादा वेळ कॉम्प्युटर दिला. पहिल्या प्रकारात मुलं आधीपेक्षा कमी शिकली! दुसऱ्या प्रकारात फायदा झाला, आणि तोही कच्च्या मुलांना जास्त. कॉम्प्युटर तेच, मुलंही तशीच. फरक एवढाच, की एकीकडे चांगलं शिकवणं काढून कॉम्प्युटर आणला आणि दुसरीकडे त्याच्या जोडीला आणला.

तिसरं उदाहरण लांबचं आहे, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचं. 'एका मुलामागं एक लॅपटॉप' अशी मोहीम जगात निघाली होती. २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराट या गावच्या छोट्या शाळेतही ते लॅपटॉप आले होते. पेरूच्या सरकारनं तर देशभर आठ लाखांच्या वर लॅपटॉप वाटले. मग तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला आणि २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. सुमारे सव्वा वर्ष लॅपटॉप वापरूनही मुलांच्या गणितात आणि भाषेत काही फरक पडलेला दिसला नाही. लॅपटॉप वाटले, पण ते शिकवण्यात कसे वापरायचे याची शिक्षकांची तयारी कमी पडली. शाळेचा अभ्यास एकीकडे आणि लॅपटॉप एकीकडे, असं झालं.

या तिन्हींतून आपण काय घ्यायचं?

• कॉम्प्युटर शिक्षकाच्या जोडीला हवा, शिक्षकाच्या जागी नको.
• मूल जिथं आहे तिथून सुरुवात हवी. ज्याला वजाबाकी येत नाही त्याला भागाकाराचा व्हिडिओ दाखवून उपयोग नाही.
• मुलानं स्वतः हात चालवला पाहिजे, उत्तर दिलं पाहिजे.
• वेळ ठरलेला हवा. आठवड्यातून दोनच तास असले तरी चालतील, पण दर आठवड्याला हवेत.
• एकदा करून थांबायचं नाही.

चांगला तास कसा असतो?

आपण सगळ्या काही शिक्षिका नाही. पण चांगला तास ओळखता येतो. एक उदाहरण घेऊ. चौथीत अपूर्णांक शिकवायचे आहेत, म्हणजे अर्धा, पाव, पाऊण.

पहिली दहा मिनिटं मॅडम स्क्रीन लावतच नाहीत. एक भाकरी घेतात. दोन सारखे भाग करतात, मग चार. "चारातले तीन मी दिले तर किती दिली?" मुलं म्हणतात पाऊण. हे मुलांना घरातूनच माहीत असतं. मॅडम फळ्यावर तेच आकड्यात लिहितात.

पुढची दहा मिनिटं टीव्ही. त्यावर गोल, चौकोन, पट्टी असे वेगवेगळे आकार येतात आणि त्यांचे भाग रंगतात. मॅडम व्हिडिओ मध्येच थांबवतात. "आता पुढं किती भाग रंगतील? आधी सांगा, मग बघू." मुलं अंदाज करतात, मग व्हिडिओ पुढं जातो.

शेवटची पंधरा मिनिटं मुलं जोडीनं टॅबवर सराव करतात, किंवा टॅब नसतील तर पाटीवर. मॅडम फिरून बघतात. ज्याला येत नाही त्याच्याजवळ बसतात.

आता याउलट तास बघा. टीव्ही लावला, अर्धा तास व्हिडिओ चालला, मुलं गप्प बसली, गुरुजी कोपऱ्यात कागद भरत बसले. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, काय शांत आणि आधुनिक वर्ग! पण त्या अर्ध्या तासात एकाही मुलाला प्रश्न विचारला गेला नाही. गुरुजींना सरकारी कागदांचं ओझं असतं हे खरं, आणि तेही आपण समजून घेतलं पाहिजे. पण मुलांचं शिकणं या तासात झालं नाही, हेही तितकंच खरं.

काही विषय असे आहेत, की तिथं स्क्रीनचा खरोखर मोठा उपयोग होतो. हृदय कसं धडधडतं, ग्रहण कसं लागतं, ज्वालामुखी कसा फुटतो, समुद्र कसा दिसतो, हे फळ्यावर दाखवणं अवघड. इंग्रजी शब्दाचा उच्चार ऐकणंही तसंच. उलट झाडाची पानं, माती, वजन-माप हे शिकायला स्क्रीन कशाला? ते तर शाळेच्या अंगणात आणि आपल्या स्वयंपाकघरात आहे.

माऊस कोणाच्या हातात आहे?

एक गोष्ट आपल्या लेकींसाठी. एका कॉम्प्युटरवर तीन-चार मुलं बसवली, तर माऊस बहुतेक वेळा धीट मुलाच्या हातात जातो. मुली मागं उभ्या राहून बघतात. तास संपतो, वहीत "कॉम्प्युटर तास झाला" अशी नोंद होते, आणि मुलीचं बोटही बटणाला लागलेलं नसतं. घरी तेच. फोन आधी भावाला, मग वेळ उरला तर तिला. ती तोवर भांडी घासते.

हे मोडायला खर्च काहीच नाही. शाळेत पाळी लावायची. पाच मिनिटं एकाच्या हातात, पाच मिनिटं दुसरीच्या. एक दिवस मुलींनी आधी बसायचं. घरातही तसंच, अभ्यासाला फोन दोघांना सारखाच वेळ. हे आपण आयांनी ठरवलं तर उद्यापासून होईल.

वस्तू बंद का पडते?

शाळेत गेल्यावर आधीच दोष देऊ नका. कारण विचारा. बहुतेक यातलंच एखादं कारण निघतं:

१. वीजबिल थकलं आणि जोड तोडली.
२. छोटी दुरुस्ती राहिली. कधी नुसती वायर, माऊस किंवा बॅटरी.
३. हरवेल, फुटेल, चोरी होईल ही भीती. जबाबदारी मुख्याध्यापकांवर येते, म्हणून वस्तू कुलपात.
४. वापरायचं कसं हे कोणी नीट शिकवलेलं नाही.
५. दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग. कॉम्प्युटरजवळ कोण बसणार?
६. नेट नाही.

यातल्या प्रत्येकावर काहीतरी करता येतं. आधी विजेचा हिशेब मांडू, कारण "बिल फार येईल" हे कारण नेहमी ऐकू येतं.

एक युनिट म्हणजे हजार वॅटची वस्तू एक तास चालणं. वॅटचा आकडा वस्तूच्या मागच्या पट्टीवर लिहिलेला असतो. समजा टीव्ही १०० वॅटचा आहे. रोज २ तास, महिन्यात २२ दिवस चालवला, तर ४४ तास झाले. १०० गुणिले ४४ म्हणजे ४,४००. त्याला हजारनं भागलं की ४.४ युनिट. महिनाभरात साडेचार युनिटसुद्धा नाही!

आता ५ कॉम्प्युटर धरा, प्रत्येकी १५० वॅट. रोज एक तास, २२ दिवस. १५० गुणिले ५ म्हणजे ७५०. गुणिले २२ म्हणजे १६,५००. म्हणजे १६.५ युनिट. शाळेच्या बिलावर लिहिलेला युनिटचा दर घेऊन गुणाकार करा आणि रक्कम काढा. स्थिर आकार वेगळा असतो, तोही बिलात बघा. आकडा समोर आला की बोलणं सोपं होतं. गटाचा हिशेब लिहिणाऱ्या आपण, एवढं आपल्याला सहज जमतं.

नेटचंही तसंच. रोज नेट लागतंच असं नाही. व्हिडिओ एकदा नेट असताना उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेवले, की टीव्हीवर वर्षभर चालतात. दीक्षा ॲपमध्येही साहित्य उतरवून ठेवता येतं.

आपल्याला बोलायचा हक्क आहे का?

आहे, आणि तो कायद्यानं आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असायला हवी. समितीत चारातले तीन सदस्य पालक असले पाहिजेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचं काम कसं चाललंय ते बघणं, आलेला निधी कसा खर्च झाला ते बघणं आणि शाळेचा विकास आराखडा करणं ही या समितीची कामं आहेत. कलम २२ मध्ये आराखड्याचं सांगितलं आहे.

आपल्यातल्या कितीतरी जणी या समितीत नावाला आहेत. वही घरी येते, सही किंवा अंगठा होतो, वही परत जाते. गटाच्या बैठकीत आपण वाचल्याशिवाय ठरावावर सही करत नाही. मग शाळेच्या वहीवर का करायची?

दुसरी जागा ग्रामसभा. 'आमचं गाव आमचा विकास' आराखडा करताना शाळेच्या गरजा त्यात मांडता येतात. वीज, वायरिंग, खिडकीला जाळी, कपाट, दुरुस्ती. ग्रामसंघानं आधी ठराव करून, दहा-पंधरा जणींनी एकत्र जाऊन मांडला, तर तो टाळणं अवघड जातं.

कसं बोलायचं? – पाच पायऱ्या

पायरी १: आधी गटात बोला. कोणाकोणाची मुलं गावच्या शाळेत आहेत, मुलं काय सांगतात, ते लिहून काढा.

पायरी २: दोघी-तिघींनी शाळेत जा. जाण्याआधी मुख्याध्यापकांना वेळ विचारा. तपासणीला आल्यासारखं बोलू नका. "गुरुजी, कॉम्प्युटर बंद का?" असं न विचारता "गुरुजी, हे चालू व्हायला काय काय लागेल? आमच्याकडून काय मदत होईल?" असं विचारा. चांगलं काम करणाऱ्या गुरुजींना आपली साथ हवीच असते.

पायरी ३: यादी करा. काय आहे, किती चालू, किती बंद, बंद का. खाली नमुना दिला आहे.

पायरी ४: यादी घेऊन व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जा. ज्या सदस्य आहेत त्यांनी विषय मांडावा आणि इतिवृत्तात लिहून घ्यावा. कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही लिहून घ्या.

पायरी ५: पुढच्या महिन्यात परत बघा. आपण जशी परतफेड दर महिन्याला बघतो, तसंच.

नमुना असा:
वस्तू – टीव्ही, कॉम्प्युटर, टॅब, प्रोजेक्टर, इन्व्हर्टर
एकूण किती –
चालू किती –
बंद असल्यास कारण –
आठवड्यात किती तास वापर –
मुली किती वेळ हाताळतात –
पुढचं काम, कोण करणार, तारीख –

गटाकडून काय मदत होईल? शाळा सुटल्यावर किंवा भरण्याआधी एक तास कॉम्प्युटरजवळ बसायला बारावी झालेली एखादी मुलगी देता येईल. किल्ली कोणाकडं आणि कधी, याची नोंदवही ठेवता येईल. फुटलं-हरवलं तर एकट्या मुख्याध्यापकांवर येऊ नये, असा समितीचा ठराव करता येईल. भीती कमी झाली की कुलूप लवकर उघडतं.

आईला वाचता येत नाही, तरी काय करता येईल?

पुष्कळ काही. मुलानं फोनवर धड्याचा व्हिडिओ बघितला की फोन बाजूला ठेवायला सांगा आणि म्हणा, "आता मला समजावून सांग." ज्याला कळलंय तोच सांगू शकतो. अडखळला तर म्हणा, "परत बघ आणि मग सांग." त्यासाठी आईला अक्षर येण्याची गरज नाही, ऐकायला दहा मिनिटं लागतात.

आणि शाळेतून आल्यावर "आज कॉम्प्युटर होता का?" एवढंच न विचारता, "आज त्यावर तू काय केलंस?" असं विचारा. "बघितलं" असं उत्तर आलं, की काय ते समजून घ्या.

पैसे मागायला कोणी आलं तर

आता शेवटचा आणि खिशाचा मुद्दा. दोन प्रकारांनी आपल्याकडं पैसे मागितले जातात.

एक, खासगी शाळेची "कॉम्प्युटर फी" किंवा "स्मार्ट क्लास फी". अशा वेळी भरण्याआधी विचारा: आठवड्यात किती तास? एका कॉम्प्युटरवर किती मुलं? माझं मूल स्वतः हाताळतं, की नुसतं बघतं? मला तो तास एकदा बघता येईल का? शाळेनं तास बघू दिला नाही, तर फीचा विचार पुन्हा करा.

दुसरा, दारात येणारा विक्रेता. "या टॅबमध्ये पहिली ते दहावीचा सगळा अभ्यास आहे, आता फक्त थोडे पैसे भरा, बाकी हप्त्यानं." अनेकदा तो हप्ता म्हणजे आपल्या नावावर काढलेलं कर्ज असतं. पोरानं टॅब बघणं सोडलं तरी हप्ता थांबत नाही. म्हणून तिथल्या तिथं सही करू नका. ओटीपी सांगू नका. आधार आणि बँकेच्या पुस्तकाचा फोटो देऊ नका. "आमच्या गटात विचारून सांगते" असं म्हणा. खरा विक्रेता आठवडाभर थांबेल. आणि हे लक्षात ठेवा, की शाळेच्या पुस्तकातले धडे दीक्षावर फुकट आहेत.

गटातून शिक्षणासाठी कर्ज घेणं चुकीचं नाही. मुलगी नर्सिंगला, आयटीआयला, कॉलेजला जातेय, तर जरूर घ्या. पण पहिली-दुसरीच्या लेकराच्या "स्मार्ट क्लास"साठी कर्ज मागायला आलेल्या मैत्रिणीला आपण प्रेमानं एक प्रश्न विचारायलाच हवा, "आपल्या शाळेतला चालू करून बघितला का?"

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. ज्ञानशाला वर्गांत एकाच कॉम्प्युटरनं एकीकडे तोटा आणि दुसरीकडे फायदा का झाला? आपल्या शब्दांत सांगा.
२. आपल्या गावच्या शाळेत कोणत्या वस्तू आहेत? शेवटच्या कधी चालल्या?
३. आपल्या गटातल्या किती जणी शाळा व्यवस्थापन समितीत आहेत? मागच्या बैठकीला किती जणी प्रत्यक्ष गेल्या?
४. गेल्या वर्षी आपल्या गटातून फीसाठी किती कर्ज गेलं? त्यात प्राथमिक शाळेच्या फीचं किती?
५. आपल्या गावात बालसखीसारखं काम करू शकेल अशी मुलगी कोण आहे?

या महिन्याचं काम

प्रत्येक ग्रामसंघानं दोघींची जोडी ठरवावी. त्यांनी शाळेत जाऊन वरचा नमुना भरावा आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवावा. जिथं सगळं चालू आहे, तिथल्या गुरुजी-मॅडमचं नाव घेऊन ग्रामसभेत अभिनंदन करा. जिथं बंद आहे, तिथं एक काम आणि एक तारीख ठरवा. भरलेल्या नमुन्याची एक प्रत प्रभाग संघाच्या बैठकीला घेऊन या, म्हणजे एका गावानं काढलेला मार्ग दुसऱ्या गावाला कळेल.